शेतकऱ्याचें पाऊल : त्याचे विकार व त्याची निगा

बैल लंगडूं लागला तर शेतकरी त्यास तसाच जुंपीत नाहीं. तो खूर उचलून पाहतो, खुरांत खडा किंवा खिळा रुतला आहे काय याचा शोध करतो, नाल झिजला असल्यास नालबंदास बोलावितो, व जरूर तर जनावरास चार दिवस विसांवा देतो. त्याच शेतकऱ्याचा स्वतःचा पाय दुखूं लागला म्हणजे मात्र तो त्याला चिंधी गुंडाळून पुन्हा शेतांत उभा राहतो. बियाणें, खतें, आउतें व जनावरें यांच्या निगेविषयीं शेतकरी जितका विचार करतो, त्याच्या शतांशानेंही तो ज्या पायांवर सारी शेती उभी आहे त्यांचा करीत नाहीं. पायाचे बहुतेक विकार आरंभीं क्षुल्लक असतात व घरच्याघरीं बरे होण्याजोगे असतात. उपेक्षेनें मात्र त्यांतील कांहीं पाय तोडण्यापर्यंत, आणि एखादा प्राणावरही, मजल नेतो. यास्तव कोणता विकार घरीं संभाळावा व कोणता तत्काळ डॉक्टरास दाखवावा, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पावलाची रचना

एका पावलांत २६ हाडें असतात. तळपायाची त्वचा शरीरांतील सर्वांत जाड असून तींत घामाचे पिंड विपुल आहेत. परंतु इतर ठिकाणच्या त्वचेंत तेलकट स्राव पाझरविणारे जे पिंड असतात, ते येथें मुळींच नाहींत. पायाच्या अर्ध्याअधिक तक्रारींचें मूळ या एका गोष्टींत आहे. तेलाचें अस्तर नसल्यामुळें ही त्वचा पाण्यांत लवकर फुगून पांढरी व मऊ पडते, आणि कोरड्या थंड हवेंत लवकर तडकते. म्हणजे पावसाळ्यांत एक रोग व हिवाळ्यांत दुसरा, असा हा हंगामी क्रम आहे. म्हणून आम्हीही हंगामाच्या क्रमानेंच पुढील विवेचन करतों.

पावसाळा : चिखल्या

चिखलणी व भातलावणीच्या दिवसांत, किंवा उसास रात्रीं दारें धरतांना, पाय तासन् तास पाण्यांत राहतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी फुगते, पांढरी पडते, सोलून निघते. तींत खाज सुटते, चिरा पडतात व दुर्गंधी येते. यास आपण चिखल्या म्हणतों. प्रथम दोष केवळ पाण्याचा असतो. पण ओली, मऊ कातडी म्हणजे बुरशीस तयार केलेला वाफाच होय. पिकांवरील बुरशीशीं ज्यांचा नित्य परिचय आहे, त्यांस ओलावा, ऊब व कोंडलेली हवा यांचा परिणाम निराळा सांगणें नको.

उपायही त्याच तत्त्वाचा. घरीं आल्याबरोबर पाय साबणानें धुवावे व बोटांच्या फटींतून जुनें मऊ सुती फडकें फिरवून त्या पूर्ण कोरड्या कराव्या. नुसतें धुणें निरुपयोगी. कोरडें करणें हेंच औषध आहे. रात्रभर पाय उघडे ठेवावे. खाज व पापुद्रे राहिल्यास क्लोट्रिमॅझोल हें मलम दिवसांतून दोन वेळां, दोन ते चार आठवडे लावावें. कातडी स्वच्छ दिसूं लागतांच मलम सोडण्याची चूक पुष्कळ जण करतात. तण वरून कापलें व मूळ ठेविलें तर जें होतें तेंच येथें होतें. दुकानांतून मिळणारीं, ज्यांत स्टिरॉइड मिसळलेलें असतें अशीं मलमें मात्र घेऊं नयेत. त्यांनीं खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आंत पसरते व पुढें साध्या औषधास दाद देत नाहीं.

चिखल्यांचें खरें भय त्यांच्या खाजेंत नसून त्यांच्या चिरांत आहे. कारण ती चीर म्हणजे उघडें राहिलेलें दार होय. त्यांतून जंतु शिरून पाय लाल, गरम व सुजलेला होतो, थंडी वाजून ताप येतो, जांघेंत अवधाण येतें. अशा वेळीं लेप लावीत बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. विदर्भांतील कांहीं जिल्ह्यांत व कोंकणांत ज्यांस हत्तीपाय झाला आहे, त्यांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. हत्तीपायाचे जंतु डांसांच्या द्वारें येतात हें खरें. पण पाय वारंवार सुजून ताप येण्याचे जे झटके येतात, ते बहुधा बोटांच्या बेचक्यांतील या चिरांमधूनच. रोज साबणानें धुऊन कोरडा ठेवलेला हत्तीपाय हळूहळू हलका होतो व झटके कमी होतात, असा अनुभव सर्वत्र आहे.

याच दारानें येणारा दुसरा पाहुणा लेप्टोस्पायरोसिस हा होय. उंदीर व गुरें यांच्या मूत्रांतून याचे जंतु खाचरांतील पाण्यांत उतरतात व भेगाळलेल्या पायांतून शरीरांत शिरतात. कोंकणांत भातशेतीच्या दिवसांत हा रोग आढळतो. मुंबईंत २००५ सालच्या जुलैमधील महापुरानंतर त्याची मोठी सांथ आली होती. ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना व डोळे लाल होणें, हीं त्याचीं लक्षणें. चिखलांत काम केल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांस "मी चिखलांत काम करीत होतों" हें न विचारतां सांगावें. वेळीं ओळखल्यास साध्या औषधांनीं तो बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडें व यकृत यांवर बेततें.

हिवाळा : भेगा

रब्बीच्या हंगामांत टांचा तडकतात. अनवाणी चालण्यानें टांचेची कातडी जाड होते, कोरड्या थंडीनें तिची लवचीकता जाते, आणि शरीराचा भार पडला कीं ती उन्हाळ्यांतील काळ्या रानासारखी फाटते. वरवरच्या भेगा त्रासदायक असल्या तरी निरुपद्रवी असतात. खोल गेल्या म्हणजे रक्त येतें व त्यांतून जंतु रिघतात.

रात्रीं पाय पंधरा मिनिटें कोमट पाण्यांत ठेवावे, खरखरीत दगडानें जाड कातडी हलक्या हातानें घांसावी, पाय पुसून किंचित् ओलसर असतांनाच कोकमाचें तेल, पेट्रोलियम जेली किंवा मेण व तिळाचें तेल यांचें मिश्रण चोळावें, व वर सुती मोजे घालून निजावें. कोंकणांत व गोमंतकांत कोकमाच्या तेलाचा हा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे व तो योग्यच आहे. फार जाड कातडीस युरियायुक्त मलम उत्तम. युरिया पाणी धरून ठेवतो व कठीण कातडी मऊ करतो. मात्र हा औषधी युरिया ठराविक प्रमाणांत मलमांत मिसळलेला असतो. खताच्या गोणींतील युरिया कोणीं पायास चोळूं नये. भेगांत बिब्ब्याचें तेल भरण्याची चाल सोडून द्यावी. बिब्बा कातडी जाळतो, फोड आणतो, आणि भेगेची जखम करून ठेवतो.

उन्हाळा : काटा, धसकट व धनुर्वात

पीक निघाल्यावर रान मोकळें दिसतें, पण पायास तेंच सर्वांत वैरी असतें. ज्वारीचीं धसकटें, तुरीचे व कपाशीचे तासलेले खुंट, बाभळीचे काटे, सराटे, यांपैकीं कांहीं तरी तळव्यांत शिरतें. काटा स्वच्छ केलेल्या सुईनें व चिमट्यानें निघत असेल तर काढावा, जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें कांहीं मिनिटें धुवावी, आणि स्वच्छ फडक्यानें सैल झांकावी. काटा खोल मोडला असेल तर कोरीत बसूं नये. गुळाचा चटका, रुईचा चीक, चुना, राख, शेण, यांपैकीं कशाचाही उपयोग करूं नये. चटक्यानें भाजतें, चिकानें कातडी पोळते. आणि शेणामातीविषयीं तर जें सांगावयाचें तें गंभीर आहे.

धनुर्वाताचे जंतु बीजरूपानें मातींत व जनावरांच्या शेणांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. १८८९ सालीं जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीं हा जंतु प्रथम शुद्ध रूपांत वेगळा केला व हवेच्या अभावींच तो वाढतो असें दाखविलें. म्हणजे मोठी, उघडी, भळभळणारी जखम जितकी धोक्याची, त्याहून बारीक, खोल, तोंड मिटलेली काट्याची किंवा खिळ्याची जखम अधिक धोक्याची. पुष्कळदां जखम विसरूनही गेलेली असते. तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हां तरी जबडा आंखडतो, दांतखीळ बसते, मग मान व पाठ ताठते. एवढ्यावर गेलेला रोगी मोठ्या रुग्णालयांतही वांचेलच असें नाहीं. उलट प्रतिबंध इतका स्वस्त व निश्चित आहे कीं, शेतकऱ्यास हा रोग व्हावा ही लाजिरवाणी गोष्ट मानली पाहिजे. पूर्वीं लस घेतलेली असल्यास दर दहा वर्षांनीं एक मात्रा पुरते. जखम मळकट असून मागील मात्रेस पांच वर्षें होऊन गेलीं असतील तर त्याच दिवशीं पुन्हा घ्यावी. ज्यानें कधींच घेतली नाहीं त्यानें तीन मात्रांचा क्रम पुरा करावा. घरांतील लहानमोठ्या सर्वांच्या टोंचणीचें साल एका वहींत टिपून ठेवावें.

बारमाही तक्रारी : कुरूप, नखें व इतर

कुरूप, ज्यास कित्येक ठिकाणीं भोवरी म्हणतात, त्यास खोल मूळ असतें व तें उपटल्याशिवाय तें जात नाहीं, अशी समजूत आहे; ती चुकीची आहे. कुरूप म्हणजे एका जागीं सतत दाब पडल्यामुळें आंत पाचरीसारखी दडपलेली मृत कातडी होय. दाब राहिला तर तें कापूनही पुन्हा येतें. दाब गेला तर आपोआप विरतें. म्हणून प्रथम पायताण बदलावें, मग सॅलिसिलिक अम्लाची पट्टी लावावी. पात्यानें कुरूप तासणें हें पाय सडण्याचें एक नेहमींचें कारण आहे. मधुमेही मनुष्यानें तें कदापि करूं नये, व अम्लाची पट्टीही वापरूं नये.

नखें सरळ आडवीं कापावीं. कोपरे गोल करून आंत खोल कातरूं नयेत. कोपरा खोल कातरला म्हणजे वाढतें नख मांसांत शिरतें, बाजू सुजते, पू होतो. नखाच्या कडेस होणारें नखुरडें आरंभीं कोमट पाण्याच्या शेकानें बसतें. पू धरल्यास डॉक्टराकडून मोकळें करून घ्यावें. सकाळीं उठतांच टांचेंत कळ येऊन थोडें चालल्यावर ती कमी होत असेल, तर तो टांचेपासून बोटांकडे जाणाऱ्या पट्ट्याचा ताण होय. मऊ टांचेचें पायताण व पोटरी ताणण्याचा व्यायाम यांनीं तो बहुधा निघतो. अंगठ्याचा सांधा कांहीं न लागतां रात्रींतून लाल होऊन ठणकूं लागला, तर रक्तांतील युरिक अम्ल तपासून घ्यावें.

न दुखणारे विकार

येथवर सांगितलेले विकार दुखतात, म्हणून मनुष्य आज ना उद्यां त्यांकडे पाहतो. परंतु पायाचे सर्वांत घातक विकार तेच, जे दुखत नाहींत. या लेखांतील सर्व कांहीं वाचक विसरले तरी एवढी गोष्ट त्यांनीं विसरूं नये.

पहिला विकार मदुरा पाय. १८४२ सालीं मदुराई येथें जॉन गिल या डॉक्टरानें त्याचें वर्णन केलें, म्हणून हें नांव. पुढें मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील व्हँडाइक कार्टर यांनीं १८६० सालीं त्यास 'मायसेटोमा' असें शास्त्रीय नांव दिलें. अनवाणी पायांत शिरलेल्या काट्याबरोबर मातींतील बुरशी किंवा जंतु खोल जातात. महिन्यांमागून महिने एक गांठ वाढते, दुखत नाहीं. मग तिला छिद्रें पडतात व त्यांतून काळे, पांढरे किंवा पिंवळे बारीक कण बाहेर येतात. जंतुजन्य प्रकार औषधांनीं बरा होतो. बुरशीजन्य प्रकारास दीर्घकाळ औषधें व शस्त्रक्रिया लागते, आणि हाडांपर्यंत गेल्यास पाय गमवावा लागतो. म्हणून पायावरील न दुखणारी, वाढती गांठ तपासून घेतलीच पाहिजे.

दुसरा, व आज सर्वांत व्यापक, म्हणजे मधुमेहानें येणारा बधिरपणा. मधुमेह हा शहरी, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, शेतांत राबणाऱ्यास तो शिवत नाहीं, ही समजूत आतां टिकणारी नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी देशव्यापी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असल्याचें अनुमान असून, ग्रामीण भागांतील प्रौढांत त्याचें प्रमाण शेंकडा ८.९ आढळलें, म्हणजे सुमारें अकरांत एक. साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली कीं पायांच्या ज्ञानतंतूंचा व रक्तवाहिन्यांचा नाश होतो. मग वहाणेंतील खिळा टोंचतो पण कळत नाहीं. तापल्या वाळूनें पोळतो पण कळत नाहीं. जखम चिघळते, रक्ताचा पुरवठा अपुरा म्हणून भरत नाहीं, आणि एका फोडापायीं पाय जातो.

तिसरा कुष्ठरोग. त्यांत बोटें रोगानें गळून पडतात असा पूर्वींचा समज होता. वेलोर येथें १९४६ सालीं आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं अनेक वर्षांच्या कामांतून दाखवून दिलें कीं, बोटें रोगानें झडत नसून बधिर झालेल्या अवयवास नकळत होणाऱ्या इजांनीं तीं झिजतात. वेदना ही शत्रु नसून शेताची राखण करणारी जागल्या आहे. ती गेली म्हणजे रान उघडें पडतें. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास तो लपवूं नये. सरकारी दवाखान्यांत बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो व सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो.

पाय बधिर झाला आहे किंवा नाहीं, हें घरींच पाहतां येतें. मनुष्यास डोळे मिटून निजवावें. घरांतील दुसऱ्यानें दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोंकास आपल्या तर्जनीचें अग्र हलकेंच एक-दोन क्षण लावावें. दाबूं नये, घांसूं नये. जेव्हां स्पर्श कळेल तेव्हां त्यानें "कळलें" म्हणावें. अशा सहा ठिकाणांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं स्पर्श कळला नाहीं तर पाय धोक्यांत आहे असें समजून डॉक्टरास दाखवावें. याला पैसा लागत नाहीं व पांच मिनिटें पुरतात. वयाची चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां, आणि मधुमेह्यानें त्याहून अधिक वेळां, हें करून घ्यावें. ज्याचा पाय बधिर आहे त्यानें पायांनीं पाण्याची ऊब पाहूं नये, कोपरानें पाहावी. शेक घेऊं नये. आणि घरांतही अनवाणी फिरूं नये.

पायताण

जमिनींतील अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी तळव्याच्या कातडींतून आंत शिरतात, हें १८९८ च्या सुमारास लूस या शास्त्रज्ञानें दाखविलें. पुढें त्या आंतड्यांत राहून रक्त शोषतात व धडधाकट माणूस फिका पडतो. एवढें एक कारणही पायताणाची गरज पटविण्यास पुरे आहे. चिखलांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व आंत सुती मोजे वापरावे. सायंकाळीं बूट उलटे टांगून वाळवावे, कारण ओला बूट पायास चिखलापेक्षां बरा नव्हे. सकाळीं घालण्यापूर्वीं ते झटकावे व आंत हात फिरवून खडा, खिळा किंवा विंचू नाहीं अशी खात्री करावी. नवें पायताण सायंकाळीं घ्यावें. त्या वेळीं पाय किंचित् सुजलेला असतो, म्हणून माप खरें मिळतें. बधिर पायास अंगठ्याची वहाण वर्ज्य. मऊ रबरी तळाची, मागें पट्टा असलेली चप्पल त्यास योग्य.

नित्याचा नेम

सर्व उपदेशाचें सार एवढेंच : रोज सायंकाळीं पाय धुवावे, बोटांच्या फटी कोरड्या कराव्या, व उजेडांत तळवे पाहावे, स्वतःस दिसत नसतील तर आरसा घ्यावा किंवा घरांतील मुलांस पाहावयास सांगावें. फोड, चीर, रंगाचा बदल, सूज किंवा नवी गांठ दिसल्यास तिची दखल घ्यावी. लाल सूज व ताप, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, काळें पडलेलें बोट, किंवा बधिर पायावरील कोणतीही इजा, यांपैकीं कांहींही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

इतक्या लहान नेमानें काय होणार, असें कोणास वाटेल. त्यांस आम्ही नारूचें उदाहरण देतों. पायऱ्यांच्या विहिरींचें पाणी पिणाऱ्या गांवांत ऐन हंगामांत माणसें पायांतून निघणाऱ्या या कृमीनें अंथरुणास खिळत. त्यावर लस नव्हती, रामबाण औषधही नव्हतें. पाणी गाळून पिणें, नारू झालेल्याचा पाय पाण्यांत बुडूं न देणें, व उतरण्याच्या विहिरी बंद करणें, एवढ्या साध्या गोष्टी गांवोगांव पाळल्या गेल्या. १९९६ सालानंतर देशांत नारूचा एकही रोगी आढळला नाहीं, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. जें गांवांनीं मिळून एका रोगाविषयीं केलें, तें प्रत्येक घरानें आपल्या पायांविषयीं करणें अशक्य नाहीं. बैलाचा खूर पाहणाऱ्या हातास स्वतःचें पाऊल पाहण्याची संवय लागावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.